लोहापूल

इतवारीतल्या धान्याच्या पेढीवर एकतीस वर्षं
बाबांनी खातेवही लिहिली.
जमा निळ्या शाईत, नावे लाल,
आणि चूक झालीच तर खोडायची नाही:
तिच्यावर एक आडवी रेघ, बाजूला सही.

मी रुळांच्या या बाजूला, धरमपेठेत,
सातवीच्या पोरांना सावली रंगवायला शिकवते.
"रंगानं पोट भरते काय वो?"
ते आईला विचारत,
मला ऐकू जाईल एवढ्या हळू.

मधे रेल्वे.
वरून दिल्लीची गाडी, मद्रासची गाडी,
खालून लोहापूल:
ऑटो, हातगाड्या, कॉटन मार्केटची ओली कोथिंबीर,
इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.
तिथं पाणी साचलं
की एका शहराची दोन गावं होतात.

चैत्रातल्या मंगळवारी
बाबांच्या डोक्यात, डावीकडे, एक गुठळी अडकली.
उजव्या हातातून पेन पडला.
मेडिकलच्या वॉर्डात त्यांना नाव विचारलं.
ओठ हलले, नाव आलं नाही.
श्रावण निनावे.
आडनाव तेवढं खरं झालं.

मी घरी मेंदूचं चित्र काढलं, कूलरवर चिकटवलं.
डावीकडे निळा: हिशेब, भाषा, शिस्त.
उजवीकडे केशरी: रंग, सूर, मी.
वाचा-उपचाराच्या डोंगरे बाई बघून हसल्या.
"इतकी सरळ वाटणी भावाभावांतही होत नाही, ताई.
शब्द बहुतेक इकडचा,
पण तो लाडानं आला की रागानं,
हे पुष्कळसं तिकडचं घर सांगते.
चूल दोन्हीकडे पेटलेली असते."
मी चित्र काढून घेतलं.
चिकटपट्टीचे चार डाग राहिले.

महिना गेला.
"पाणी" म्हणायचं तर "प... प...",
मग डाव्या हाताची मूठ खाटेवर.
एकदा लख्ख एक शिवी आली,
आणि आई आनंदानं रडली.

मग त्या दुपारी लाईट गेली.
कूलर थांबला, वाळ्याचा वास तेवढा उरला.
टाकीत बादल्या ओतताना
मी उगाच पुटपुटले,
"एक दीड दीड..."

"बे दीड तीन," खाटेवरून.

बादली माझ्या हातातच राहिली.
"तीन दीड साडेचार, चार दीड सहा,"
दाही दीड पंधरापर्यंत,
एक न अडखळता, एक न चुकता,
पाचपावलीच्या शाळेतल्या रांगेसारखे डुलत.

मी ज्याला आयुष्यभर गणित समजले
ती चाल होती.
एकतीस वर्षं पेढीवर, तुरीच्या धुळीत,
हा माणूस नाकातल्या नाकात गात होता
आणि आम्ही त्याला हिशेबी म्हणालो.

आणि मी?
पेन्सिल हातभर लांब धरते, एक डोळा मिटते,
कानाची उंची नाकाशी ताडून बघते.
त्यांचा उजवा ओठ
पेन्सिलीच्या टोकाएवढा खाली आलाय.
हे मला दिसलं मोजून.
मीही मोजतच आले की.

आता रोज संध्याकाळी आम्ही दीडकीच्या चालीवर
शब्द बसवतो.
त्यांच्या डाव्या तळव्याखाली ताटली, तिच्यावर ठेका:
पा-णी. च-हा. पं-खा.
काही जातात पलीकडे,
काही मधेच अडकतात, भोंगा वाजवत.

काल ठेका धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
एक दीड दीड.
बे दीड तीन.
तीन दीड कुंदा.

थांबले. चूक कळली त्यांना.
मला वाटलं, आता मूठ आपटतील.
त्यांनी खुणेनं वही मागितली.
मी लिहिलं: तीन दीड कुंदा.
त्यावर त्यांनी आडवी रेघ ओढली,
बाजूला सही केली, डाव्या हातानं,
इतकी वाकडी
की मला ते पाखरू वाटलं.

मी तसं म्हणाले.
त्यांनी मान हलवली. नाही.
सही.